मायेस्त्रोंचं देणं

कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला आमच्या शेजारच्या घरात एक मेक्सिकन गृहस्थ राहत. त्यांचं नाव छापू नये असं त्यांच्या लेकीनं सांगितलं आहे, म्हणून गल्लीतली पोरं त्यांना ज्या नावानं हाक मारत तेच इथे लिहिते : मायेस्त्रो. गवंडी असो, सुतार असो की मेकॅनिक, हातात कसब असलेल्या वडीलधाऱ्या माणसाला त्यांच्याकडे असंच म्हणतात. माझ्या धाकट्या मुलाच्या गाडीला त्यांनी कोल्ड एअर इनटेक बसवून दिला, म्हणजे खरं तर त्याच्याच हातून बसवून घेतला. ते देणं माझ्या घरावर आहे, आणि ते कुठेतरी लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

साल २०१०. आदल्या वर्षीच्या मंदीत यजमानांची नोकरी गेली होती. पुण्यात एक कंत्राटी काम मिळालं म्हणून ते तिकडे गेले. धाकट्याची शाळा संपायला अवकाश होता, म्हणून आम्ही दोघं मागे राहिलो. वयात आलेलं पोर आणि मी. घरात बोलणं कमी झालं होतं, आणि जे होई ते बहुतेक भांडणाच्याच वळणावर जाई. दारात आमची २००४ सालची कोरोला होती, जुनी घेतलेली. वडील पुण्याला गेल्यापासून तो ती आपलीच समजू लागला होता. सुट्टीत किराणा दुकानात खोकी उचलून त्यानं पैसे साठवले आणि एक दिवस भलंमोठं खोकं घरी आलं. त्यात चकचकीत ॲल्युमिनियमची नळी, लाल कापडी फिल्टर, रबराचे जोड आणि क्लॅम्पची पिशवी.

“चालत्या गाडीचं पोट फाडायचं काही कारण?” मी विचारलं.

“आई, तुला नाही कळणार,” हे त्याचं त्या वर्षीचं ठरलेलं उत्तर.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण मलाही ते तेव्हाच कळलं. इंजिनात एक भाग पेट्रोल जळायला वजनानं सुमारे १४.७ भाग हवा लागते. म्हणजे इंजिनाचं खरं खाणं हवा आहे. ही हवा बॉनेटखालच्या प्लॅस्टिकच्या डब्यातून, कागदी फिल्टरमधून गाळून आत जाते. बॉनेटखालची हवा तापलेली असते आणि तापलेली हवा विरळ. ६० अंशांच्या हवेऐवजी ३० अंशांची हवा मिळाली तर तेवढ्याच जागेत जवळपास दहा टक्के जास्त हवा मावते. म्हणून कंपनीचा डबा काढून टाकायचा, रुंद गुळगुळीत नळी बसवायची आणि फिल्टर इंजिनापासून लांब, मडगार्डच्या आत किंवा बंपरमागे न्यायचा, म्हणजे बाहेरची गार हवा मिळते. कोल्ड एअर इनटेक तो हाच. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, पोरं गाडीत पहिला बदल करतात तो बहुधा हा.

आमचा वाद दारातच चालला होता. मायेस्त्रो त्यांच्या अंगणातून आले. मला वाटलं, चला, मोठं माणूस आलं, पोराला समजावतील. ते आमच्याकडे बघतसुद्धा नव्हते. पुढच्या काचेतून वाकून डॅशबोर्डवरची छोटी पट्टी वाचत होते. प्रत्येक गाडीचा सतरा अक्षरांचा क्रमांक असतो तो. “वन-एन-एक्स,” त्यांनी बोट ठेवत वाचलं. मग पुढे सरकून अकराव्या अक्षराशी थांबले. “झेड. सेन्योरा, ही आमची आहे.”

फ्रीमाँटच्या कारखान्याची खूण होती ती. कॅनडात बांधलेल्या कोरोलाचा क्रमांक वेगळ्या अक्षरांनी सुरू होतो, जपानातून आलेल्या गाडीचा ‘जे’नं. आमची गाडी आमच्या घरापासून काही मैलांवर तयार झाली होती आणि ती बांधणाऱ्यांत शेजारचे हे गृहस्थ होते, हे आम्हाला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

त्या कारखान्याबद्दल सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जनरल मोटर्सनं तो साठच्या दशकात उभारला आणि मार्च १९८२ मध्ये बंद केला. मायेस्त्रो तेव्हा तिथे कामगार होते, घरी बसले. मग जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी मिळून तोच कारखाना पुन्हा उघडला, नाव ‘नुम्मी’. कामगार बहुतेक जुनेच परत घेतले. १९८४ मध्ये त्यांच्यातल्या काहीशे जणांना शिकायला जपानला, टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात धाडलं, त्यात मायेस्त्रो होते. डिसेंबर १९८४ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली. पंचवीस वर्षं कारखाना चालला, आणि १ एप्रिल २०१० रोजी एक लाल कोरोला लाइनीवरून उतरली ती शेवटची. सुमारे ४,७०० माणसं एका दिवसात बेकार झाली. ते आमच्या दारात आले तेव्हा या गोष्टीला काही महिनेच झाले होते.

मी त्यांच्याकडे आशेनं बघितलं. त्यांनी मुलाला सांगितलं ते असं : कारखान्यातले इंजिनिअर अडाणी नसतात. तुझ्या गाडीचा डबा आधीच बाहेरची हवा ओढतो. त्याला जोडलेलं दुसरं पोकळ खोकं आवाज गिळायला ठेवलं आहे, ते काढलंस की इंजिन मोठ्यानं श्वास घेताना ऐकू येईल. १३० अश्वशक्तीच्या गाडीत तुला थोडीशी भर मिळेल, तीही इंजिन जोरात फिरत असताना. बाकी सगळा आवाज. हे सगळं ऐकून मी खूश झाले, तोच ते म्हणाले, “पण मिहो, तुला आत काय आहे ते बघायचं असेल, तर आपण नीट बघू.”

मिहो म्हणजे माझ्या लेकरा. कितीतरी महिन्यांत त्या पोराला कुणी अशी हाक मारली नव्हती. मी आत गेले आणि चहा टाकला. माझा विरोध तिथे संपला.

कामाला हात लावण्याआधी त्यांनी खोक्यातले सगळे कागद बाहेर काढायला लावले. ते एक चिकटपट्टी शोधत होते. कॅलिफोर्नियात असा भाग बसवायचा तर राज्याच्या हवा मंडळानं त्याला सूट दिल्याचा क्रमांक लागतो. तो नसेल तर भाग बेकायदा, आणि प्रदूषण तपासणीत बॉनेट उघडलं की गाडी नापास. आमच्या किटमध्ये क्रमांकाची पट्टी होती. त्यांनी ती आधी बॉनेटखाली, सहज दिसेल अशा जागी चिकटवून घेतली आणि मगच पाने काढले. आपल्याकडे गाडीत फेरफार करताना कायदा हा शेवटी, पकडलं गेल्यावर आठवतो. इथे त्याचाच मान पहिला. मला ते फार आवडलं.

शनिवारी सकाळी काम सुरू झालं. पहिली गोष्ट, बॅटरीची निगेटिव्ह वायर. ती सुटल्याशिवाय कशालाही हात नाही. मग प्रत्येक बोल्ट निघाला की कागदी चिकटपट्टीवर आकडा घालून ती त्याला लावायची, आणि तोच आकडा गाडीवर जिथून बोल्ट निघाला तिथे. कोरोलात जिकडेतिकडे दहाचेच बोल्ट, तेव्हा गोंधळ व्हायला वेळ लागत नाही. फिल्टरच्या डब्यावर दोन स्क्रूंनी बसवलेला एक बोटाएवढा सेन्सर होता, आत जाणारी हवा मोजणारा. तो काढताना त्यांनी मुलाला आधी हात धुवायला पाठवलं. त्या सेन्सरच्या पोटात केसासारखी तार असते. ती विजेनं तापवलेली असते, हवा तिला गार करते, आणि तापमान टिकवायला किती वीज लागली यावरून गाडीचा कॉम्प्युटर किती हवा गेली ते ओळखतो, त्या हिशेबानं पेट्रोल सोडतो. तारेला बोट लागलं, तेलाचा ओशटपणा लागला की हिशेब चुकला. तो सेन्सर त्यांनी धुतलेल्या रुमालात गुंडाळून माझ्याच हातात दिला आणि म्हणाले, “सेन्योरा, हा तुमच्याकडे.” तोवर मी उंबऱ्यात उभी होते. त्या क्षणापासून मीही कामावर होते.

नव्या फिल्टरची लाल कापडी जाळी तेलात भिजवलेली होती. ती बघून मला वाळवा तालुक्यातलं आमचं शेत आठवलं. आजोबांच्या ट्रॅक्टरला तेलाच्या वाटीचा फिल्टर होता. उसाच्या पाचटाचा आणि मातीचा सगळा धुरळा त्या तेलात बसायचा, आणि आजोबा दर आठवड्याला वाटी उघडून काळा गाळ ओतून ताजं तेल घालायचे. मी ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. मायेस्त्रोंना ते पूर्ण व्हायच्या आतच कळलं. मेक्सिकोत, मिचोआकानमधल्या त्यांच्या गावीही तसाच ट्रॅक्टर होता. त्यांचे वडील ब्रासेरो म्हणून, म्हणजे १९४२ ते १९६४ च्या दरम्यान अमेरिकेनं शेतमजूर आणले त्या कराराखाली, इकडे आले होते आणि पुढे कुटुंब इथलं झालं. धूळ तेलानं धरायची हे आम्हा दोघांनाही लहानपणीच माहीत होतं. मग त्यांनी मुलाला बजावलं की हे कापड धुतल्यावर तेल बेतानंच लाव, जास्त झालं तर ते उडून त्या तारेवर बसतं.

दुपारी चाक काढून मडगार्डच्या आतलं प्लॅस्टिकचं अस्तर सोडवलं आणि नवी नळी खाली उतरवली. फिल्टर जमिनीच्या इतका जवळ गेलेला बघून मी घाबरले. माझा भाऊ कल्याणला असतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी त्याची गाडी रस्त्यावरच्या पाण्यात बंद पडली. इंजिननं हवेच्या वाटेनं पाणी ओढलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. हे मी सांगितलं तेव्हा मुलगा “इथे कुठे असा पाऊस?” म्हणाला. मायेस्त्रो मात्र खाली बसून बराच वेळ नळीकडे बघत राहिले. ती नळी दोन तुकड्यांची होती. खालचा तुकडा काढला तर फिल्टर वर, इंजिनाशेजारीच बसवता येत होता. “पावसाच्या दिवसांत, नोव्हेंबर ते मार्च, वर,” त्यांनी निकाल दिला, “तुझे मामा सांगतात म्हणून.” कल्याणच्या माणसाचा शब्द फ्रीमाँटच्या गॅरेजात असा राखला गेला.

आता एका दोरीबद्दल.

सेन्सर नव्या नळीत बसवताना एक स्क्रू तिरका जात होता. मुलाला ते कळत होतं. तो ओठ दाबून तसाच पिळत राहिला, कारण थांबून विचारणं त्याला कमीपणाचं वाटत होतं. त्याच्या वडिलांची नोकरी गेल्यापासून आमच्या घरात कुणीच काही अडलंय असं बोलत नव्हतं. मायेस्त्रोंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. रागावले नाहीत. आत जाऊन कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी घेऊन आले आणि आमच्या गॅरेजच्या छताच्या पट्टीला बांधली, त्याच्या हाताला येईल अशी.

मग त्यांनी सांगितलं. त्यांनी काम सुरू केलं त्या काळात अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांत लाइन थांबवणं हे पाप होतं. काही चुकलं तरी गाडी पुढे जाऊ द्यायची, शेवटी कुणीतरी दुरुस्त करेल. ताकाओकात त्यांनी पहिल्यांदा पाहिलं की प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर एक दोरी आहे. स्क्रू तिरका गेला, भाग बसेना, काही शंका आली की ती ओढायची. एक धून वाजते आणि टीमचा प्रमुख धावत येतो. ओरडायला येत नाही, मदतीला येतो. तेवढ्यात जमलं तर ठीक, नाही तर अख्खी लाइन थांबते. नुम्मीतही तीच पद्धत आली. पस्तिशीच्या त्या दणकट माणसांना दोरी ओढताना सुरुवातीला हात कापायचे, असं ते म्हणाले. “मी पहिल्यांदा ओढली तेव्हा वाटलं, आज नोकरी गेली. प्रमुख आला आणि थँक यू म्हणाला.”

मुलानं स्क्रू उलटा फिरवून काढला. मग वर हात करून दोरी ओढली. मायेस्त्रोंनी शिट्टीवर एक धून वाजवली आणि दोन पावलं टाकत त्याच्याजवळ आले. तो हसला. माझं पोर किती दिवसांनी हसत होतं हे माझं मला माहीत. त्यानंतर संध्याकाळपर्यंत ती दोरी पुष्कळदा ओढली गेली, एकदा मीसुद्धा ओढली.

गाडी सुरू झाली, खोल घोगरा श्वास घेऊ लागली, पोरगा खूश. पण काही दिवसांनी डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. स्कॅनर लावला तर पी-०१७१ : मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. मायेस्त्रोंना कारण तिथेच कळलं असणार. सेन्सरच्या पुढे कुठेतरी फट आहे, तिथून न मोजलेली हवा आत शिरते आहे, कॉम्प्युटरला तिचा पत्ता नाही. त्यांनी ते सांगितलं नाही. बागेच्या रबरी नळीचा हातभर तुकडा कापून मुलाला दिला, एक टोक कानाला लावायला सांगितलं आणि दुसरं प्रत्येक जोडावरून फिरवायला. ते स्वतः अंगणातल्या खुर्चीत जाऊन बसले. थ्रॉटलजवळच्या रबरी जोडाशी त्याला फुसफुस ऐकू आली. तापून-निवून क्लॅम्प कडेला सरकला होता. त्यानं तो नीट बसवला, आवळला, स्कॅनरवरचे आकडे पुन्हा जागेवर येताना पाहिले. उत्तर माहीत असताना गप्प बसून दुसऱ्याला ते सापडू देणं किती कठीण असतं, हे मी पुढे कित्येक वर्षं शाळेत शिकवताना रोज अनुभवलं. तो संयम मी त्या खुर्चीतल्या माणसाकडून घेतला आहे.

पैसे त्यांनी घेतले नाहीत. शेंगदाण्याची सोलापुरी चटणी मात्र घेतली. त्यांच्याकडेही सुक्या मिरच्या आणि शेंगदाणे तेलात परतून सालसा माचा करतात, तेव्हा पहिल्या घासाला ओळख पटली आणि पुढे बरणी रिकामी झाली की ती आमच्या पायरीवर येऊन बसायची. माझ्या हातून त्यांचं एकच काम झालं. बेकार झालेल्या कामगारांना नव्या नोकरीसाठी कॉम्प्युटरवर अर्ज भरायचे होते, ते मी टंकून दिले. अर्जात ‘कौशल्ये’ असा रकाना होता आणि त्यात दोन ओळींची जागा. मी त्यांना विचारत गेले आणि ते सांगत गेले. दार बसवताना फट हातानं कशी चाचपायची, बोल्ट पुरेसा आवळला हे मनगटाला कसं कळतं, नव्या माणसाला कामाला कसं लावायचं. दोन ओळींत काय बसवणार? मी कागद काढून ते सगळं वेगळं लिहून घेतलं. त्याचा अर्जाला उपयोग झाला नाही, त्यांना नोकरी मिळाली नाही. साठी उलटली होती.

तो अर्ज भरला त्या रात्री मला माझा मोठा मामा फार आठवला. तो लोअर परळच्या एका गिरणीत विणकर होता. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, म्हणजे फ्रीमाँटचा जुना कारखाना बंद पडला त्याच्या जेमतेम दीड महिना आधी. मायेस्त्रोंना दोन वर्षांनी परत बोलावणं आलं, जपानला जायला मिळालं, आणखी पंचवीस वर्षं मिळाली. मामाला काहीच बोलावणं आलं नाही. तो गावी परतला, भाजीचा गाडा लावला. तुटलेला धागा चालत्या मागावर न बघता सांधणारी त्याची बोटं होती. त्यांना काय काय येतं हे जन्मभर कुणी विचारलं नाही. आम्ही भाचरं लहान होतो, आणि मोठी झालो तोवर मामा नव्हता.

२०१० मध्येच फ्रीमाँटचा तो कारखाना टेस्लानं घेतला. मायेस्त्रो त्याच्या बाजूनं जाताना मान वळवून बघत, बोलत नसत. पुढे ते लेकीकडे सेंट्रल व्हॅलीत राहायला गेले आणि काही वर्षांनी तिथेच वारले. धाकटा तोवर इंजिनिअरिंगला होता. दुसऱ्या वर्षी एका रात्री त्याचा फोन आला. एक विषय पार हाताबाहेर गेला होता, खोलीबाहेर पडवत नव्हतं. पहिलं वाक्य होतं, “आई, दोरी ओढतोय.” मी त्याच रात्री गाडी काढून त्याच्याकडे गेले. ज्या वयात मुलं अशा गोष्टी घरच्यांपासून लपवतात त्या वयात माझ्या मुलानं मला हाक मारली, हे देणं कुणाचं आहे ते मला ठाऊक आहे.

कोरोला विकायची वेळ आली तेव्हा त्यानं नळी काढून कंपनीचा डबा परत बसवला. सगळे बोल्ट आकड्यांच्या चिकटपट्ट्यांसह खोक्यात होते. एकही हरवला नव्हता, एकही शोधावा लागला नाही.

वाचकहो, गिरणगावात, वागळे इस्टेटमध्ये, अंबरनाथला, पिंपरीला, तुमच्या आळीत, बंद पडलेल्या कारखान्यातून घरी बसलेलं एखादं माणूस नक्की असेल. घरातलं पोर बरोबर घ्या आणि त्यांच्याकडे जा. तुम्ही तिथे नेमकं काय काम करत होतात, एवढंच विचारा, आणि ते सांगतील ते पूर्ण ऐकून घ्या.